बसायची चोरी

बार्न्सलीच्या दवाखान्यात खुर्च्या पंधरा,
माणसं आठ,
आणि तरी दोघं उभे.
मी, आणि खिडकीपाशी एक म्हातारा
रेडिएटरवर कोपर टेकून.
आमची ओळख तिथंच झाली, नावाआधी.

बावीस नंबरची बस चालवतो मी.
बसून पोट भरायचा धंदा,
आणि बसायचीच चोरी.
दर खड्ड्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार,
मागं शाळेची पोरं,
आरशात माझा चेहरा, नीट घडी घातलेला.
डेपोत सांगितलं, पाठ.
कऱ्हाडला आईला रविवारी फोनवर सांगितलं, पाठ.
ती म्हणाली, तेल लाव, शेक.

भगंदर हा शब्द मी तोवर फक्त
एस.टी. स्टँडमागच्या भिंतीवर वाचला होता,
पिवळ्या रंगात, मोबाइल नंबरासकट,
शंभर टक्के खात्री.

मिस ओकाफोर यांनी पेपर टॉवेलवर चित्र काढलं:
आतलं तोंड, बाहेरचं तोंड, मधे वाकडं बीळ,
बिळाला मिठी मारून बसलेला स्नायू.
पूर्वी सरळ चिरायचो, त्या म्हणाल्या,
जखम भरायची छान.
पण हा जास्त कापला गेला, तर माणूस
संडास कुठाय ते विचारूनच घराबाहेर पडतो,
जन्मभर.

म्हणून आधी सहा महिने अंगात निळा रबरी दोरा,
गाठ मारलेला,
पू साठू नये, वाट वाहती राहावी.
विशाखा म्हणाली, करगोटाच बांधला की तुला,
फक्त जरा खाली घसरलाय.
त्या वर्षात आम्ही पहिल्यांदा हसलो.

आता नवीन काय, तर
बारीक तार आत, तिच्या टोकाला उजेड,
मागं मागं ओढत बीळ आतूनच भाजत यायचं.
स्नायूला धक्का नाही.
खात्री?
दहातले सहा, त्या म्हणाल्या. कदाचित.
मोजायला अजून पुरेशी वर्षं झाली नाहीत.
तो कदाचित मला आवडला.
सही केली. उभ्यानंच.

म्हाताऱ्याचं नाव सिरिल ऑक्सली.
बावीस वर्षं खाणीत.
त्याचं तिसऱ्यांदा फुटलेलं,
त्याला वेगळंच: पोटातली चरबी काढायची,
तिच्यातल्या पेशी निवडून बिळाच्या कडेनं टोचायच्या.
ट्रायल आहे, म्हणाला, उंदीर समज मला,
एवढी बियर शेवटी सत्कारणी लागली.
मग खिडकीबाहेर बघत:
आमची खाण बंद केली, तेव्हा तोंडावर काँक्रीट ओतलं.
खाली पोकळच.
तीस वर्षांनी कुणाच्या तरी परसात जमीन खचते,
वाळत घातलेल्या कपड्यांसकट.
वरून बुजवून भागत नाही, पोरा.

ऑपरेशनला वीस मिनिटं लागली म्हणे.
मला छतावरचा एक दिवा आठवतो,
आणि कुणीतरी रेडिओ बंद केला ते.

आज नववा दिवस.
कोमट पाण्याच्या टबात बसलोय. बसलोय.
रविवार. फोन वाजला.
पाठ कशी आहे, आईनं विचारलं.
पाठ नव्हती, म्हटलं. आणि तो शब्द उच्चारला,
भिंतीवरचा, पिवळा.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
एक. दोन.
तुझ्या वडलांना होतं, ती म्हणाली.
आठवतं का, जेवायचे ते
ओट्याशी ताट ठेवून, उभ्यानं?
पाठ म्हणायचे.

पाणी निवत आलंय.
कापसावर अजून थोडं पिवळं दिसतं.
बुधवारी मिस ओकाफोर बघतील.