शेवटची चारी

सरपंच म्हणाले, ताई, चार पानं लिहा गावाबद्दल.
नव्या कमानीचं उद्घाटन आहे, स्मरणिका काढायचीय.
चारच. मध्ये फोटो येतील.

मी ग्रामपंचायतीत दाखले काढते,
जन्माचे, मृत्यूचे, रहिवासाचे.
माझ्या स्क्रीनवर घर म्हणजे मिळकत क्रमांक,
शेत म्हणजे गट: एकशे बारा, एकशे तेरा, दोनशे सात ब.
कुणाला काय आठवतं, याला रकाना नाही.

म्हणून गेले सुपडू नानांकडे.
मोसमच्या बंधाऱ्यावरचे शेवटचे पाटकरी.
कांद्याच्या चाळीच्या सावलीला बसलेले,
एक डोळा मोतीबिंदूचा, दुसरा पाण्याचा.
म्हणाले, "सांगस मी. तू लिखी ले."

आणि चालू लागले, बसल्या जागेवरून.
सांडव्यापासून निघाले बोट हवेत धरून,
पाटाच्या कडेकडेनं, डावीकडे वळून,
चिंचेला वळसा घालून.
चिंच पडून तीस वर्षं झाली.

हे भांडणाचं.
एका बांधापायी दोघं भाऊ मालेगावच्या कोर्टात म्हातारे झाले.
हे आंदणाचं.
ही रडकी, हिच्यापर्यंत पाणी कधी वेळेत पोचलंच नाही.
आणि हे घड्याळाचं:
बापू कापडणीसांनी पाळ्या मोजायला नाशिकहून घड्याळ आणलं,
ते महिन्यात बंद पडलं,
तरी चार वर्षं गावाचं पाणी
त्याच घड्याळानं फिरलं.

मी लिहीत गेले.
एकशे बाराला नाव होतं!
इतकी वर्षं मी त्याला नुसतं नंबरानं हाक मारत होते,
तुरुंगात मारतात तशी.

तिसऱ्या दिवशी खालच्या फडाच्या टोकाला पोचलो.
नाना गप्प.
बोट तसंच हवेत.

पुढे आमची वस्ती. मला माहीत होतं.
त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

"बहात्तरनं साल," ते म्हणाले. "पंच बोलनात,
शेवटली चारी बंद करा, उसले पुरत नही.
दारं मीच लावं. रातले.
चिखल आनि गवत. ह्याच हात.
सकायले तुनी आत्या हंडा लिसन उभी.
तिनी इचारं नही.
मी बी सांगं नही."

चाळीत कुठंतरी एक कांदा सडला होता, त्याचा वास येत होता.
मी विचारलं, लिहू?

नानांनी पाण्याचा डोळा पुसला.
"लिख. पंचसना नावं बी सांगस.
पन पयले मनं लिख."

स्मरणिका निघाली. चार पानं, गुळगुळीत.
बंधारा आहे, यात्रा आहे, कमान दोनदा आहे.
शेवटची चारी जागेअभावी नाही.
मी भांडले का? भांडले.
पाच महिन्यांचं मानधन थकलेल्या माणसाला
जेवढं भांडता येतं, तेवढं.

वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, आता तिसरी सुरू आहे.
एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवली,
गुरुजींनी पावती दिली, तारीख घालून.

दुसरी गयाआत्याला, मनमाडला.
तिला वाचता येत नाही.
फोनवर वाचून दाखवली,
सांडव्यापासून शेवटच्या चारीपर्यंत,
रडकी, भांडणाचं, बहात्तर साल, पंचांची पाचही नावं.

ती मध्ये एकदाही बोलली नाही.
मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाली,
हंडा कुठला आला गं आपल्याकडे तेव्हा?
तेलाचा डबा होता. पत्र्याचा. एका बाजूनं चेपलेला.
दुरुस्त कर.

मी नानांच्या वाक्यातला हंडा खोडला नाही.
समासात लिहिलं: डबा. चेपलेला.
खाली तिचं नाव.