पिवळं

किल्ली मी दिली.
हे आधीच सांगून टाकतो, उगीच शोधाशोध नको.
मार्केट यार्डातल्या पॉलिशच्या गाळ्याची, रविवारी,
सौदे बंद असताना.

प्रज्योत वायदंडे आला लॅपटॉप पोटाशी धरून.
म्हणाला, दिवाणजी, ड्रम रिकामा नको,
हळकुंडं घालून फिरवा.
अर्धा तास कानाला यंत्र लावून बसला,
आणि वीस वर्षं मी जिला कटकट म्हणत आलो
तिच्यातनं त्यानं ठेका काढला.
खाली एक घुमारा जोडला.
हरिपूरच्या रिकाम्या पेवात उतरून
टिपलेला स्वतःचाच श्वास, म्हणे.
मी विचारलं, आधी कंदील सोडून बघितलास का रे?
तो हसला.

गाण्यात शब्द एकच. पिवळं.
चार मिनिटं अकरा सेकंदांत नऊ वेळा.
मोजायची सवय आहे मला.

व्हिडिओत नाचली ती मालन, त्याची आई.
चाळणीपाशी बसणारी, रोजंदारीवरची.
नवरा जाऊन सोळा वर्षं.
सुरुवातीला नुसती उभी राहते,
लाजून नव्हे, गुडघ्यामुळं.
मग ड्रम बसतो
आणि ती वाकून ओंजळभर भुकटी घेते,
कपाळाला, गळ्याला, दंडाला
आपल्याच हातानं.

एवढंच.
पदरसुद्धा जागचा हलत नाही.

बुधवारी रिक्षांत तेच वाजत होतं
आणि पोलीस ठाण्यात अर्ज होता.
'विधवेस हळद' असं त्यात तीनदा,
एकदा तर 'वीधवेस'.
गाळ्यासमोर माणसं जमली.
आईला नाचवून पैका करतोय, एक म्हणाला.
दुसऱ्यानं मला विचारलं, हळद कुणाची?
शेटजींची, म्हणालो. दीड किलो, झाडणीतली.
नोंद आहे.

व्हिडिओ उतरवला. गाणं राहिलं.
शेटजींनी मला काढलं नाही,
फक्त किल्ली काढून घेतली.

शनिवारी मालन पगाराला आली.
भुवया पिवळ्या, नखं पिवळी, कानामागं पिवळं.
वहीत अंगठा उठवला,
जांभळ्या शाईच्या कडेला पिवळी किनार,
दर शनिवारी असते तशी.
हे पान कुणी पुराव्याला मागितलं नाही.

पैसे मोजून कनवटीला लावले, मग थांबली.
"दिवाणजी, गुडघा लई दुखत हुता त्या दिवशी.
दिसतंय काय वो त्यात?"
न्हाई, म्हणालो.
"मग झालं."

दुपारी ड्रम सुरू झाला.
मी बेरीज दोनदा चुकलो.