चाळीस फूट मागं

वडाळ्याला ट्रक टर्मिनसच्या पिछाडीला
रविवारी सकाळी साडेसहा वाजता
दोन रिकामे ड्रम उभे असतात.
त्यांच्यामधलं अंतर परकारचाचा पावलांनी मोजतात,
मग अर्धं पाऊल कमी करतात.
"गोदीत कोण देनार तुला येवढी जागा?"

अठरा वर्षं रिक्षा चालवली मी, चेंबूर ते मानखुर्द.
शीवच्या पुढं रिक्षाला बंदी, म्हणून
शहराचं हे टोक मला तसं परकंच.
रिक्षा मागं घ्यायची म्हणजे
रिव्हर्सचा दांडा कोण शोधतंय,
एक पाय बाहेर काढायचा,
टाच रस्त्यात रोवायची
आणि द्यायचा रेटा.
इथं माझी टाच जमिनीपासून
पाच फूट वर लोंबकळते.

पुढच्या इंजिनाला घोडा म्हणतात.
घोडा माझं ऐकतो.
मागचा डबा कुणाचंच ऐकत नाही.
त्याला डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे वळवायचं,
आणि तो वळायला लागला रे लागला
की लगेच सोडवून घ्यायचं,
नाहीतर तो वळतच राहतो,
तुझ्याकडे बघत बघत.

पहिल्या वेळी पार कात्री झाली.
उजव्या आरशात नुसता डबा, इतका जवळ
की पत्र्यावरचं खरवडलेलं जुनं कंपनीचं नाव वाचता आलं.
डाव्या आरशात मोनोरेलचा एक खांब,
आणि त्याच्याशी आमचा काही संबंध नव्हता.

फत्तू किन्नर मागं उभा राहून
पाव खात खात पत्र्यावर थापा मारतो.
आन दे, आन दे, आन दे, आन दे—
"आन दे" आणि "बस्स" यांच्यात
त्याच्या आवाजात काडीचाही फरक नाही.
फरक थापेत आहे, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.

चाचा म्हणाले, वरून कशाला धरतोस चाक?
देवळातली घंटा हाय काय ती?
खालून धर. घड्याळात सहा वाजतात तिथं.
हात जिकडं जाईल तिकडं ढुंगण जाईल.

रात्री घरी जेवणाचं ताट खालून धरून
डावं, उजवं करत बसलो.
आमटी सांडली.
प्रणालीनं कंपासपेटीला सुतळीनं फुटपट्टी बांधून दिली,
घे, कर प्रॅक्टिस फरशीवर.
पेटी मागं सरकवली, पट्टी जागची हलेना.
"बाबा, सुतळी फक्त ओढते. ढकलत नाही."
मग तिनं आईच्या पदराची सेफ्टी पिन आणली.
पावणेअकरापर्यंत आम्ही दोघं
दोन वाट्यांच्या मधून
आठवीची भूमिती मागं मागं नेत होतो.

आज आठ वेळा पुढं आलो.
पुढं यायला लाज नाही, चाचा सांगतात,
लाज गेली ती ठोकणाऱ्याची.
नवव्यांदा हात खाली, आरसा, हात,
आरसा, थोडं, अगदी थोडं,
चाक फिरवलं म्हणण्यापेक्षा
विचार केला म्हणावं एवढंच,
आणि डबा सरळ मागं चालला
एखादा जाडा माणूस खुर्चीत बसावा तसा.
थाप. बस्स.
ब्रेकची हवा सुटली, फुस्स,
तिच्या मागोमाग माझीही.

"उतर. बघ."
आरशात दिसतं ते खरं मानायचं नाही.
उतरलो. डाव्या ड्रमाला चार बोटं जागा.
उजवा ड्रम जागेवर नव्हता.
तो सावकाश गडगडत
चहाच्या टपरीकडं निघाला होता,
आणि फत्तू, तोंडात पाव,
त्यालाही म्हणत होता, आन दे, आन दे.

चाचांनी ड्रम परत आणून ठेवला.
पावलं मोजली.
अर्धं कमी केलं.

चेंबूरला बसमधून उतरून शेअर रिक्षात बसलो,
पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या सीटवर.
गल्लीत समोरून टँकर आला.
पोरानं पाय बाहेर काढला, टाच रोवली.
बघतो तर दुसऱ्या बाजूनं
माझाही पाय बाहेर.