बोटीतले शब्द

कोशाचा माणूस येल बेटावर आला तेव्हा
बूट चिखलानं भरलेले,
काखेत बुटांचंच खोकं, आत चिठ्ठ्या.
एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द, त्याचा अर्थ,
आणि ज्यानं सांगितला त्याचं नाव.
बहुतेक नावांपुढं आता फुली.

ओस्ला हालक्रोनं चहा ओतला. म्हणाली,
ते शब्द बायकांचे नव्हेत.
धक्क्यावरची दोरी सुटली की पुरुष ते तोंडात घ्यायचे
आणि परतताना मासळीच्या आतड्यांबरोबर
पाण्यातच टाकून यायचे.

हो, तो म्हणाला. समुद्र ऐकत असतो ना.
त्याच्यासमोर पाद्र्याला पाद्री म्हणायचं नाही,
म्हणायचं, उभा राहणारा.
चर्चला बेनीहूस, म्हणजे प्रार्थनाघर.
नॉर्वेहून आलेल्या माणसांचा शब्द.
ती माणसं गेली, मागोमाग त्यांची भाषा गेली,
हा तेवढा बोटीच्या बुडाला
कालवासारखा चिकटून राहिला.
मांजरालाही मांजर नाही. रडणारी.

चुलीपाशी झोपलेल्या रडणारीला
याचा पत्ता नव्हता.

"एखादा तरी कानावर आला असेल?"

तिनं किटलीवरचं फडकं सारखं केलं.
झोपेत बोलायचा गिडियन.
दिवा वाढवला, की थोड्या वेळानं
एक नाव.
मी कधी विचारलं नाही.
हेरिंगच्या हंगामात लर्विकच्या धक्क्यावर
मासे चिरायला शेकड्यांनी पोरी यायच्या,
असेल त्यातली कुणी.
एका वर्षी मी त्याला स्वेटर विणला नाही.
कोपरं फाटलेल्या जुन्यातच गेला,
तसाच परत आला,
काही म्हणाला नाही.

"काय नाव?"

हेमा.

त्याची बोटं खोक्यात चालत गेली,
एका चिठ्ठीपाशी थांबली.
खिडकीच्या उजेडात धरून तो ती वाचत राहिला,
तीन ओळींना लागतो त्याहून बराच वेळ.
मग काही न बोलता तिच्याकडे सरकवली.

हेमा. फक्त बोटीत.
बायको; घरची, या अर्थी.
तिचं खरं नाव समुद्राला कळू नये म्हणून.

ओस्लानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
चिठ्ठी उलटी करून पाहिली,
मागं आणखी काही आहे का.

"उच्चार लिहायचा राहिलाय," तो खाली बघत म्हणाला.
"कसा म्हणायचे?"

भिंतीकडं तोंड करून, ती म्हणाली.
आणि अगदी हळू.