पाचोळ्याची चोरी

आमच्याकडे, न्चेऊच्या या उतारावर,
बाईची पारख तिच्या अंगणावरून होते.
कोंबडा आरवायच्या आधी, कमरेत वाकून,
मी लाल माती इतकी लख्ख झाडायची
की रात्री कोण आलं, कोण गेलं,
कुणाच्या टाचेला भेग आहे,
सगळं उजाडताच वाचता यायचं.
आईनं मला अक्षरं नाही शिकवली. हे वाचन शिकवलं.

मग लुसुंगू आली.
वय बावीस, पायात भावाचे बूट.
चर्चमागच्या आंब्याखाली आम्हा अकरा बायकांना
(आणि सावलीसाठी आलेल्या म्हाताऱ्या गॉडफ्रेला)
तिनं विचारलं, "जंगल कोण झाडतं?"
आम्ही हसलो.
"आणि तिथं खताची पोती कोण टाकतं?"
हसणं हळूहळू खाली बसलं.

तीन काठ्या, एक दोरी, एक दगड.
दगड लोंबत लोंबत मधल्या खुणेवर थांबला
की काठ्यांचे दोन्ही पाय एका पातळीत.
मग उताराला आडवा चर खणायचा,
म्हणजे पाणी पळत नाही.
बस म्हटलं की बसतं.
माझ्या पहिल्या चरातलं बसलं नाही.
एका टोकाला गोळा होऊन सरळ शिरलं
एनलेसच्या चुलीत.
तिनं आठ दिवस मला मीठ दिलं नाही.

पहिलं आच्छादन वाळवीनं खाल्लं.
खताच्या ढिगाला असा वास सुटला
की पाद्री वळसा घालून जाऊ लागले.
तूर तेवढी उगवली, मक्याच्या पायाशी,
आणि तिच्याखाली भोपळा असा पसरला
जणू त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

माझी नणंद डोरिका कुंपणाशी उभी राहून म्हणाली,
"या घरात झाडणारं कुणी उरलं नाही का?"
आणि मग, हळू आवाजात, "साप निघेल."
साप निघाला.
लुसुंगूकडेही त्याचं पूर्ण उत्तर नव्हतं.
"दारापासून दहा पावलं झाडत जा," म्हणाली,
"उरलेलं पानांना दे."
ती दहा पावलं मी अजून झाडते,
आईसारखी, डावीकडून उजवीकडे.

हातपंपाखाली वर्षानुवर्षं चिखल होता,
बदकं, डास आणि मुलांच्या हरवलेल्या चपला.
आम्ही तिथं कमरेइतका खड्डा खणला,
काडीकचऱ्यानं भरला, काठानं सात केळी लावल्या.
लावताना सगळ्यांचे हात. घड आला तेव्हा
सगळ्यांची तोंडं.
तीन दुपार मुखियासमोर बैठक चालली.
ठरलं: पहिला घड बाळंतिणीच्या घरी.
दुसऱ्याचं अजून ठरायचंय.

आणि काल रात्री माझा पाचोळा चोरीला गेला.
दोन पोती, गच्च दाबून भरलेली.
जे मी तीस वर्षं दर शनिवारी जाळलं,
त्याला चोर मिळाला.
पावलं शोधायला वाकले,
तर माझ्या अंगणात आता पाऊल उमटतच नाही.
पानं काही सांगत नाहीत. गिळून बसतात.

दुपारी न्सिमाचं पीठ मागायला डोरिकाकडे गेले.
तिच्या पपईखाली ओली, काळसर पानं,
आणि त्यांत माझ्या पोत्याची केशरी सुतळी.
तिनं पाहिलं, मी पाहिलं.
मध्ये तिचं अंगण, लख्ख,
त्यावर माझी येणारी पावलं
एकेक करून स्पष्ट.

मी म्हटलं,
"बुंध्याला टेकवू नकोस, कुजेल.
वीतभर जागा सोड."
तिनं बोटांनी पानं मागं ओढली,
वीत मोजली,
आणि आत जाऊन
पीठ मापाहून थोडं जास्तच आणलं.