मेयो

माझ्या गाडीवर पाटी आहे:
व्हेज सँडविच चाळीस, चीज साठ,
मेयो एक्स्ट्रा दहा रुपये.
आई डबा द्यायला आली की ती पाटी वाचते, आणि चिडते.
'मेयोचे पैशे घेतेत का रे कोनी?
मेयो तं फुकट असते.'

एकतीस वर्षं आया होती ती, रस्त्यापलीकडे,
त्या फाटकाच्या आत.
सरकारनं नाव बदललं त्याला जमाना झाला.
नवं नाव कमानीवर आहे, केसपेपरवर आहे.
ऑटोवाल्याला ते सांगितलं तर तो म्हणतो, म्हणजे कुठी?
मेयो म्हटलं की मीटर न पाडता निघतो.

कोण होता गं हा मेयो, मी विचारलं होतं लहानपणी.
'असंन कोनी डाक्टर. मायेचा असंन,
मायेवरूनच पडलं असंन नाव.'
पुढे शाळेत कळलं, लाटसाहेब होता.
आईला मी सांगितलं नाही.

मार्चात सुकेशिनीचा फोन आला.
आई, मी मेयोत लागली.
'कोन्त्या वार्डात?' आई म्हणाली.
अगं, आयर्लंडमध्ये! एजन्सीवाल्यांनी इथंच टाकलं.
लाइन कटली.
अर्धं बोलणं भिंतीपलीकडे गेलं होतं, आणि
इंदोऱ्याच्या आमच्या गल्लीत
'मेयोत आहे' याचा एकच अर्थ होतो.
(बाबा सहा दिवस मेयोत होते.
सातव्या दिवशी नव्हते.)
दिवेलागणीला नंदेश्वर काकू थर्मास घेऊन दारात:
मुगाचं पाणी आहे, पोरीले काय झालं?

मी समजावलं. काकू, तो देश वेगळा आहे,
तिथं मेयो नावाचा जिल्हाच आहे.
'आख्खा जिल्हा?'
काकू खुर्चीत बसल्या.
'मंग किती खाटा असतीन, बापा.'

मुगाचं पाणी आम्हीच प्यालो.

मग तिनं फोटो पाठवला.
अंगावर दोन स्वेटर, मागं ओली हिरवी टेकडी,
टेकडीवर मेंढ्या, आणि रस्त्याच्या कडेला पाटी.
आईला इंग्रजी येत नाही.
तिनं मोबाइल नाकाजवळ धरला,
बोट पाटीवर ठेवलं, फोटो मोठा झाला,
आणि ती वाचायला लागली:
पहिलं दोन डोंगरांचं,
दुसरं तंबूचं,
तिसरी गुलेर,
चौथा बेडपॅन.
'हे तं आपलंच आहे.'

एकतीस वर्षं चादरींच्या कोपऱ्यावर
निळ्या शाईत पाहिली होती तिनं ही चार अक्षरं.
उकळून, वाळवून, घडी घालून,
कुणाच्या अंगाखाली, कुणाच्या तोंडावरून.
आपल्याकडे दोन अक्षरांत होतं ते काम
तिकडे चार लागतात, एवढाच फरक.

आता तिचा मुक्काम माझ्या गाडीपाशी असतो.
चार वाजता भेटायची वेळ सुरू होते, रस्ता भरतो.
कुणी नळीतून पांढरं पिळताना बघत विचारतं, हे काय?
मेयो, मी म्हणतो.
परवा एक माणूस, काखेत एक्स-रेचं पाकीट,
एकदम हात आडवा धरून म्हणाला,
नको भाऊ, मेयो नको.
त्याला सॉस नको होता, की आणखी काही,
मला नाही कळलं. आईला कळलं असावं.
तिनं त्याला स्टूल दिलं.
त्या दिवसापासून एक्स-रेवाल्यांचे दहा रुपये लावायचे नाहीत,
असा तिचा हुकूम आहे. धंद्याचं काय, ते ती बघत नाही.

काल व्हिडिओ कॉल. इथं पंचेचाळीस डिग्री,
पाव हातात घेतला तरी गरम लागतो.
तिथं सुकेशिनीच्या नाकाचा शेंडा लाल.
कुठं आहेस रे, इतका आवाज कसला?
मेयोसमोर.
मी पण, ती म्हणाली, आणि
दोघंही जरा वेळ काही बोललो नाही.

मग आईनं फोन ओढून घेतला.
जेवली का. गरम पानी भेटते का. पेशंट मारत तं नाही ना.
बाकी ठीक आहे आई, ती म्हणाली,
फक्त इथल्या चादरींवर शिक्का नसतो.
आई थोडी थांबली.
'मंग त्या चोरीले जात असतीन, बाई.
मोजून ठेवत जाय.'