तिसरी ओळ

कागद आम्ही घरीच छापला होता.
सातव्या महिन्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
लिनिया सांगत गेली, मी टाइप करत गेलो:
डोळ्यांत मलम नको.
आंघोळ नको, निदान पहिला दिवस.
मांडीत व्हिटॅमिन केचं इंजेक्शन नको.
टाचेतून रक्त...
इथे ती थांबली. म्हणाली, बघू.
मी तसंच टाइप केलं: बघू.

का, ते विचारलं नाही.
आधीच्या खेपेला, ग्रीन बेच्या मोठ्या इस्पितळात
तिच्या अंगाला किती हात लागले
आणि त्यातल्या एकानेही आधी नाव सांगितलं नाही.
मूल राहिलं नाही. चूक कुणाची नव्हती,
हे आम्हाला तीनदा समजावण्यात आलं.
समजावणारा घड्याळाकडे बघत होता.

तेव्हापासून ती आधी नको म्हणते,
विचार मागाहून करते.

आता मुलगी आली आहे. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
सहा पौंड, एक कान दुमडलेला,
काखेत अजून ते पांढरं, लोण्यासारखं.
खिडकीतून तळं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं,
आणि खिशात फोन थरथरतो:
गोदामातून रुडी विचारतोय,
अठ्ठावीस नंबरचा रस्ता आज कोण करणार?

नर्सने ट्रे बाहेरच ठेवला.
खुर्ची ओढली, कागद शेवटपर्यंत वाचला,
'बघू'पाशी जरा हसली.
"मी व्हर्ना. सकाळी सातपर्यंत मीच आहे.
मलमाचं कळलं, तुझे रिपोर्ट पाहिलेत मी.
आंघोळीची मला घाई नाही.
तिसरी ओळ का, ते सांगशील?
नाही सांगितलंस तरी चालेल."

लिनिया म्हणाली, "आल्या आल्या टोचायचं तिला?
अजून तिने कुणाचं काही बिघडवलेलं नाही."

"बहुतेकांना काही होत नाही," व्हर्ना म्हणाली,
"इंजेक्शन न देताही. खोटं कशाला सांगू.
पण एखाद्याला होतं ते आत होतं.
डोक्यात रक्त साठत जातं
आणि बाहेरून मूल नुसतं झोपाळू दिसतं.
मी एकच पाहिलंय. एकतीस वर्षांत एकच."
आणि उठून गेली. दार तिने
पूर्ण लावलं नाही, पूर्ण उघडंही ठेवलं नाही.

"तू काय म्हणतोस?"
नऊ महिन्यांत मी फक्त टाइप केलं होतं.

"मीठ," मी म्हणालो.
"काय?"
"मीठ टाकतो ना आम्ही. वादळाच्या आधी.
रस्ता अगदी कोरडा असतो तेव्हा.
मागचे हॉर्न मारतात. गाड्या गंजतात म्हणतात,
आणि गंजतातच, ते खोटं नाही.
अकरा हिवाळे झाले. न घसरलेल्या गाडीतून
कुणी कधी हात केला नाही मला.
त्यांना कुठे माहीत असतं,
कुठल्या वळणावर ते घसरले नाहीत ते."

बराच वेळ ती मुलीचा कान सरळ करत राहिली.
सोडला की तो परत दुमडायचा.
"तुला हे सातव्या महिन्यात सुचलं नाही?"
नव्हतं सुचलं.

चारच्या सुमाराला तिनेच घंटा दाबली.
अटी घातल्या: मुलगी माझ्या छातीवरच राहील.
पाय मी धरीन.
सुई आधी मला दाखवायची.
आणि नाव सांगायचं. मला नाही, तिला.

व्हर्ना वाकली, गुडघा कडकन वाजला तिचा.
दुमडलेल्या कानाशी म्हणाली,
"माझं नाव व्हर्ना. थोडं दुखेल हं."

रडली. मला वाटलं होतं त्याहून कमी.
लिनिया त्याहून जास्त वेळ,
आणि ते रडणं आजचं नव्हतं
हे खोलीतल्या आम्हा तिघांनाही कळलं.

मांडीवर नखाएवढी पिवळी पट्टी.
तिसऱ्या ओळीवर मी काट मारली,
पेन धड चालेना, कागद थोडा फाटला.
वरच्या दोन ओळी आहेत तशाच आहेत.
खाली 'बघू' आहे.

खिडकीत उजाडत नव्हतं, पण बर्फ सुरू झाला होता.
रुडीला लिहिलं: आज तू कर.
मी इथे जागा आहे.